तुझ्या उंचीची गाडी

प्रिय अक्का,

परवा आमचं बिऱ्हाड हलणार. हलणार म्हणजे खरोखर चाकांवर बसून हलणार! सांगलीहून आधी तासगाव, तिथून वर खटावकडं, वडूजपर्यंत. दारात गाडी उभी आहे, ताज्या रंगाचा वास घरभर भरलाय, आणि जो येतो तो गाडीवर हात फिरवून एकच वाक्य बोलतो, "आज तारा हवी होती." म्हणून म्हटलं, निघण्याआधी तुझ्याशी एकदा उघड बोलून घ्यावं. पोटात ठेवलं तर मला त्या गाडीत सुखानं झोप लागायची नाही.

मला तुझा हेवा वाटतो, अक्का. गेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? मी करते.

ही कल्पना मूळची तुझीच ना? लढाईच्या आधी हे सातारा-वडूज सर्व्हिस मोटार चालवायचे. एकदा रिकाम्या गाडीतून तू यांच्याबरोबर गेलीस. मागच्या बाकावर पाय पसरून बसलीस आणि म्हणालीस, "इथंच चूल मांडावी, आणि आवडेल तिथं थांबावं!" परत आल्यावर तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. तुझं ते गमतीनं बोललेलं वाक्य हे थेट लढाईवर बरोबर घेऊन गेले, हे मला कुठं माहीत होतं?

तू गेलीस तेव्हा हे मिसरच्या वाळवंटात लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत होते. इकडं विषमज्वरानं तू तापलेली, आणि तुझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत मी बसलेली. यांना कळलं ते किती उशिरा!

लढाई संपून हे परतले तेव्हा आई-आबांनी ठरवलं, जावई घरातलाच राहावा. मला विचारलं कुणी? आई एवढंच म्हणाली, "तुझ्या बहिणीचा संसार आहे, नीट सांभाळ." म्हणजे हळद मला लागली तरी संसार तुझाच!

तू असताना मी यांना दाजी म्हणायचे. लग्नानंतर एकदा पाहुण्यांसमोर तोंडातून निघून गेलं, "दाजी, चहा." सगळे खो-खो हसले. हे हसले नाहीत. मान खाली घालून कप घेतला. तेव्हापासून मी यांना कशानंच हाक मारत नाही. "ऐकलं का" म्हणते, तेही भिंतीकडं बघून.

आणि तू तरी किती चांगली होतीस, गं! तुझ्या हातची आमटी, तुझी शिवण, तुझं ते मोकळं बोलणं. यांच्या तोंडून, आईच्या तोंडून, शेजारच्या काकूंच्या तोंडून नुसतं तुझं कौतुक. एखादी तरी खोड मागं ठेवून जायचीस!

परत आल्यावर यांनी विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचा धंदा काढला. गावोगावी इंजिनं बसलीत, पण बिघडली की हात लावणारं कुणी नाही. एकेका गावात मुक्काम पडायचा, कधी देवळात, कधी गुऱ्हाळाच्या छपरात. एक दिवस जेवता जेवता हे म्हणाले, "लष्कराच्या जुन्या गाड्या विकाय काढल्यात. एक घेऊ आन् तिचंच घर करू. तू बी चल." तू बी चल! अक्का, त्या तीन शब्दांवर मी चार दिवस तरंगत होते. वाटलं, हे एक तरी आमच्या दोघांचं असेल. खुळीच मी!

पुण्याजवळच्या लष्कराच्या आवारात आम्ही गेलो. मी नवं लुगडं नेसले होते, तेही मोडक्या गाड्या बघायला! हिरव्या रंगाचे पोपडे निघालेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा. बघून बघून शेवटी दोन गाड्या उरल्या. एक सामान वाहायची लांबलचक, उंच टपाची. दुसरी बुटकी, बंद पेटीसारखी, पलटणीचं रेशन पोचवणारी.

दोन्हींच्या खाली हे पाठीवर सरपटून आले. हँडल मारून दोन्हींची इंजिनं सुरू केली. बुटकीचं इंजिन ऐकलं आणि यांचा चेहरा खुलला.

"लय चांगलं चालतंय. स्प्रिंगांचं पाटं बी शाबूत हायती. पेट्रोल कमी पिईल, आन् बैलगाडीच्या वाटंनं बी जाईल."

"आणि ती मोठी?"

"तिचं इंजिन समदं खोलावं लागंल. आन् पेट्रोलचं रेशन असताना तिला पाजायचं कुठनं?"

मी म्हटलं, मग ठरलंच की! पण हे हलेनात. फिरून फिरून मोठीपाशीच जायचे. शेवटी तिच्यात चढले. मागोमाग मीही चढले. हे मधोमध उभे राहिले, आणि टपाखाली हात आडवा धरला. आपल्या डोक्याला लावून नव्हे, अक्का. डोक्याच्या वर, हवेत.

"हितं ताठ उभं ऱ्हाता येतंय," म्हणाले. "छोटीत वाकावं लागंल."

"कुणाला?"

यांना माझा प्रश्न कळलाच नाही. मी पुन्हा विचारलं, "आपल्या दोघांत वाकावं लागेल एवढं उंच कोण आहे?"

मी केवढीशी, तुला माहीत आहे. हेही बेताचेच. तुमच्या लग्नाच्या फोटोत तुला मुद्दाम खुर्चीवर बसवलं होतं, आणि तरी तुझी उंची लपली नव्हती. हवेतला तो हात कुठं थांबला होता, ते मला तिथल्या तिथं कळलं. हे तुझ्यासाठी गाडी निवडत होते!

यांचा हात तसाच राहिला. मग सावकाश खाली आला, कुणाला धक्का लागू नये इतका जपून.

खालून तिथला मुकादम ओरडला, "पसंत पडली का, पाव्हणं? आत आख्खं बिऱ्हाड मावतंय!"

हे गाडीच्या काठावर बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "इंदू, समदी म्हनत्यात ती गेली. पर मी कुठं बघितली जाताना? मी गेलो तवा दारात हुभी हुती. माझ्यासाठी अजून तितंच हाय."

खरं सांगू? मला दया आली नाही. अंगाचा भडका उडाला. मी म्हणाले, "मी बघितली. माझ्या मांडीवर गेली ती. माझी सख्खी बहीण! तुम्ही सगळ्यांनी मला उचलून तिच्या जागी बसवलंत. मग तिच्यासाठी मी कुठं बसून रडायचं?"

आणि रडलेच, अक्का. त्या परक्या आवारात, नव्या लुगड्याचा पदर तोंडात कोंबून. तुला नदीकाठी पोचवल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडले. हे उठून गेले नाहीत. शेजारीच बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मला ह्ये कवा सुचलंच न्हाई, बघ."

मग उठले आणि मुकादमाला बुटकी गाडी दाखवली.

"माझ्यावर उपकार म्हणून नको," मी म्हटलं.

"उपकार कशाचा? इंजिन चांगलं हाय तिचं!"

मला रडता रडता हसू फुटलं. मग हेही हसले.

गाडी घरी आली. सुताराकडून आडवी खाट करून घेतली, खाली भांड्यांचा कप्पा, मागच्या बाजूला यांची हत्यारं. खिडकी पाडायची वेळ आली तेव्हा यांनी मला आत बोलावलं. "कुठं पायजे सांग." मी उभी राहिले, आणि यांनी माझ्या डोळ्यांच्या रेषेत खडूनं खूण केली. त्या खिडकीतून बघायला तुला चांगलंच वाकावं लागलं असतं. मला बरं वाटलं! वाटलं ते वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

काल आई गाडी बघायला आली. खाटेवर बसली, कप्प्यावरून हात फिरवला, आणि झालंच सुरू, "माझ्या ताराला किती आवडलं असतं!" एरवी मी गिळून टाकते. काल म्हणाले, "आई, मलाही आवडलंय."

आई माझ्याकडं बघतच राहिली. मी आत्ता कुठं आत आल्यासारखी! मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुला पुढं बसायला आवडतं ना गं? लहानपणी टांग्यात पुढंच बसायचं म्हणून भोकाड पसरायचीस." तिला आठवत होतं, अक्का! माझंही काही आठवत होतं.

रात्रभर त्याच आनंदात होते, आणि आज सकाळी गाडीत भांडी लावताना एकदम लक्षात आलं. यांच्याकडं तुझी वर्षं ती किती? त्यातली निम्मी तर लढाईनंच खाल्ली. माझ्याकडं तू माझ्या जन्मापासून आहेस! तू रुसून जेवण सोडायचीस आणि माळ्यावर बसून चोरून शेंगदाणे खायचीस, ते यांना कुठं ठाऊक? सागरगोट्यांत सरळ सरळ लबाडी करायचीस, वर मलाच रडवायचीस. यांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

तेव्हा वचन देते. हेवा सोडीन, असं नाही, ते मला जमायचं नाही. पण या गाडीत तुझं नाव यांनी चोरून काढायला नको. मीच काढीन. वाटेत पुढं बसून तुझ्या एकेक खोड्या यांना सांगेन. हे म्हणतील, "आजून सांग की." आणि मधेच मी थांबेन. म्हणेन, "नाही, पुढचं आम्हा बहिणी-बहिणींचं."

थोडा हेवा यांनाही वाटू दे!

तुझी, फक्त तुझी धाकटी,
इंदू