पहिला रोस

म्हापसा,
२ सप्टेंबर १९५७

ती. तेरेझाबाय हिस,
धाकट्या लुईझाचा सा. न. वि. वि.

हे पत्र कुस्तोदियोच्या हाती देते आहे. हद्द कशी ओलांडतो ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. मांयला वाचून दाखव, पण आधी तू एकटी वाच.

पेद्रूची बोट ऑक्टोबरअखेर मुरगावहून सुटते. एकदा गेला की दोन वर्षं परतायचा नाही. म्हणून लग्न १६ ऑक्टोबरला धरलं आहे. आत्या खूश आहे, रोसासाठी तिने नारळसुद्धा बाजूला काढून ठेवले, आणि तिथेच माझं अडलं आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या डोक्यावर नारळाच्या दुधाची पहिली ओंजळ घालायची ती आईने. मांय धडधाकट असताना तो मान मी दुसऱ्या कोणाला कसा देऊ? आत्याने मला शिवणकाम शिकवायला म्हणून इथे आणलं, हद्द बंद झाल्यावर पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, सगळं खरं. पण मांयच्या हातचा रोस डोक्यावर पडल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही, असं पेद्रूला स्पष्ट सांगितलं आहे.

तो बिचारा रागावला नाही. त्याच्या मामाच्या शेतामागे एक धबधबा आहे म्हणाला. पाणी तुमच्या बाजूच्या डोंगरावरून निघतं आणि आमच्या बाजूच्या डोहात पडतं. मधला कडा चढाउतरायला वाट नाही. पावसात तिथे उभं राहवत नाही, उन्हाळ्यात खडक कोरडा. दसरा झाला की मात्र थोडे दिवस ते पाणी शहाण्यासारखं वागतं. वाटेवर तेव्हा अजून चिखल आणि जळवा असतात, त्यामुळे पोर्तुगीज शिपाई तिकडे फिरकत नाहीत. मांयने वरून रोस पाण्यात सोडला तर खाली मी उभी असेन.

तुला हा वेडेपणा वाटेल. मला मात्र मशीनवर बसलं की कापडाच्या जागी ते पाणीच दिसतं, आणि काल एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. हवं तेवढं ओरड, पण माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
लुईझा

*

मालवण,
१३ सप्टेंबर १९५७

चि. लुईझास,
तेरेझाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र एकटीने वाच म्हणालीस. मी पत्र वाचत होते आणि मांय चुलीपाशी बसून माझं तोंड वाचत होती. लपवणार काय?

सगळं ऐकून म्हणाली, लुईझा काय म्हस आसा, व्हाळात न्हावक? रोस माटवात, पाटार बसवन घालूचो असता. मग मला पाद्रींकडे पिटाळलं. ते म्हणाले, देवळाचा यात काही नियम नाही, ही तुमची घरची रीत, तुम्हीच ठरवा. हा निरोप आणल्यावर तर दोन दिवस घरात फक्त भांडी वाजत होती.

काल सकाळी मागीलदारी गेले तर माडावर पाडेली चढलेला आणि मांय खाली उभी राहून, हो नको, तो नको, असं करत त्याला एकेक नारळ निवडायला लावत होती. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, तुका काय करूचा आसा? तेव्हा समज, आम्ही येतो. १२ ऑक्टोबर, शनिवार. एस.टी.ने बांद्यापर्यंत, पुढे बैलगाडी, आणि शेवटी मांयचे गुडघे, ते नेतील तिथवर.

ज्या पेद्रूला लग्नासाठी धबधबा शोधावा लागला, त्याला तुझ्याबरोबर संसार करणं जमेल असं वाटतं. त्याला माझा नमस्कार सांग. प्रकृतीला जप, आणि बाह्या बघून लाव.

तुझी
तेरेझाबाय

*

म्हापसा,
२७ सप्टेंबर १९५७

ती. तेरेझाबाय हिस सा. न. वि. वि.

पेद्रूच्या मामीबरोबर जाऊन जागा पाहून आले. तिथे माणूस नाही गो. भात पिवळं पडायला लागलं आहे, शेत संपतं तिथे झाडी सुरू होते आणि झाडीच्या आत ते पाणी. जोर ओसरला आहे. आता ते खडकाच्या एका पायरीवर थांबतं, मग दुसरीवर येतं, डोहात पोचेपर्यंत त्यातलं निम्मं धुकं होऊन झाडांत गेलेलं असतं. उन्हाची तिरीप आली की सगळा कडा हलल्यासारखा वाटतो. मी बसले ती बसलेच, मामी हाका मारून कंटाळली.

वरून एक पान तरंगत आलं. ते तुमच्या बाजूच्या झाडाचं हे लक्षात आलं आणि हातातून सोडवेना. दोन वर्षांत तिकडून कोणाला न विचारता आलेलं ते पहिलंच.

भीती एकच आहे. कडा उंच आहे. एवढ्या पाण्यात रोस माझ्यापर्यंत टिकेल का? आत्याला आता सगळं सांगितलं. ती काढलेले नारळ उचलून परत ठेवून आली. तिचं मन दुखावलं, ते मला कळतं. तरीही माझं ठरलं आहे. रोस पोचला नाही तर पेद्रूला तसाच जाऊ देईन आणि परत येईपर्यंत वाट पाहीन. त्यालाही हे सांगितलं आहे. मांयला यातलं काही सांगू नको.

दोघींची आठवण सदा असते, तुम्हीही काढत जा.

लुईझा

*

मालवण,
१४ ऑक्टोबर १९५७

चि. लुईझास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप घरी आलो. मांय गुडघ्यांना तेल चोळून पडली आहे.

वर काय झालं ते तुला कळलं नसेल. रोस घरच्या आल्तारापुढेच, शेजारणींच्या गाण्यांत काढायचा, असा मांयचा हट्ट. शुक्रवारी काढला, कळशीत भरला, तोंडाला केळीचं पान बांधलं आणि कळशी मांडीवर घेऊन निघाली. नारळाचं दूध एवढं टिकत नाही हे मालवणात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. जन्मभर नारळ वाटलेल्या बाईला ते सुचलं नाही, आणि तिच्या नादात मलाही नाही. कड्यावर जाऊन पान सोडलं तर आंबूस वास. सगळं फुटलेलं. मांय खडकावर बसली आणि रडली. आपले बाबा वारले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

तिथे एकच घर आहे, राधाबाईचं. कोण रडतं म्हणून ती बघायला आली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, नारळ काय फक्त मालवणातच होतत? घरातून नारळ, खोवायची आडाळी आणि पाटा-वरवंटा काढून दिला. मांयने खोवलं, तिने वाटलं, मी पिळलं. पिळायला पाणी त्या ओढ्याचंच. मांयचा घसा बसला होता, गाणं फुटेना. मग राधाबाईने त्यांच्या हळदीचं गाणं म्हटलं आणि मी तिच्यामागून. हे पाद्रींच्या कानावर जाता कामा नये.

मांय ओढ्यात उतरली. मी तिची कंबर धरली. खाली तू दिसत होतीस, बोटाएवढी. मी हाका मारल्या, तूही मारल्या असशील, पाण्याने दोघींना गप्प केलं. मांयने हवेत तुझ्या कपाळावर काढावा तसा क्रूस काढला आणि रोस सोडला. पहिल्या पायरीपर्यंत तो वेगळा दिसला. पुढे सगळंच पांढरं.

तेव्हापासून ती एकच म्हणते, रोस दर्याक गेलो. मी समजूत घालते, पण मलाही खात्री नाही. तू मनाशी काय ठरवलं आहेस ते मला माहीत आहे, आणि हे पत्र मिळेपर्यंत सोळा तारीख उलटलेली असेल. वर्गात फळ्यावर काय लिहिते ते माझं मलाच समजत नाही. खरं असेल तेच लिही, मांय खोटं लगेच ओळखते.

वाट पाहणारी
तेरेझाबाय

*

म्हापसा,
२१ ऑक्टोबर १९५७

ती. तेरेझाबाय हिस सा. न. वि. वि.

खरं लिही म्हणालीस, म्हणून खरं लिहिते. रोस मला दिसला नाही. मांयचा हात हलला एवढं दिसलं, मग पाणी डोक्यावर येत राहिलं, आधी येत होतं तसंच. ओठ चाटून पाहिले, नुसतं पाणी. पोचला का म्हणून पेद्रूने विचारलं तेव्हा मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच माहीत नव्हतं. केस पुसले नाहीत. घरी येऊन तशीच आडवी झाले. आता त्याला नाही कसं सांगायचं, याचाच विचार करत होते.

सकाळी आत्याच्या ओरडण्याने जाग आली. माझ्या उशीवर मुंग्या. खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून खाटेवर, तिथून थेट माझ्या केसांत. आत्या रॉकेलचा बोळा घेऊन धावली आणि मी तिचा हात धरला. एक मुंगी खोबऱ्याचा एवढासा कण ओढत उशीवरून चालली होती. आम्ही दोघी खाली बसून बघत राहिलो. आत्या आधी हसली, मग रडायला लागली, आणि मीही.

मंगळवारी मांडवात पाटावर बसले. शेजारणी गाणं थांबवून एकमेकींकडे बघायला लागल्या, पहिली ओंजळ कोणाची म्हणून. मी आत्याला म्हटलं, पयलो रोस झालो, आता तुझो घाल. तिने घातला. बुधवारी लग्न झालं.

मांयला सांग, रोस माझ्या उशीपर्यंत आला. मुंग्यांचंही सांग, नाहीतर तिचा विश्वास बसायचा नाही.

आतापर्यंत ठेवलात तसाच हात डोक्यावर असू द्या.

तुमची, आणि आता पेद्रूचीही,
लुईझा