सुकदेवला बोर्डिंगातून काढायचं म्हणतात

सावदा, ता. १४ मे १९६८

चि. निंबास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल, पण डोक्याला शांतता नाही.

तुझ्या त्या बोर्डिंगापुढे मी हात टेकले. पोरगा खरं बोलायला आणि आपलं काम आपण करायला शिकेल, असं तूच सांगितलंस, म्हणून सुकदेवला धुळ्याला पाठवला. शिकला बाबा! सुटीत आल्यापासून स्वतःचे कपडे धुतो, इथवर ठीक. पण परवा यावलचे पाहुणे प्रमिलाला बघायला आले. रीतीप्रमाणे भरतकामाचे रुमाल, तोरण मांडलं होतं. शेजारच्या बेबाबाईच्या हातचं. सगळेच मागून आणतात. पाहुण्यांनी कौतुक केलं, तर हा बारा वर्षांचा हरिश्चंद्र उभा राहून सांगतो, हे ताईचं नाही, तिला बारीक दिसत नाही, चष्मा पेटीत लपवलाय. पाहुणे अर्धा चहा टाकून उठले.

तुझ्या दाजींनी त्याला बडवला. बोलायला कोणी सांगितलं म्हणून शंभरदा विचारलं, पोरगं गप्प. आता म्हणतात, जूनपासून शाळा बंद, केळीला पाणी भरेल. तूच निस्तर आता.

वैनीला व पोरांना आशीर्वाद.
शेवंता

धुळे, ता. १९ मे

ती. अक्कास,
निंबाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. पस्तीस पोरांना खरं बोला सांगून माझा घसा बसतो. अंगण कोणी झाडलं नाही विचारलं, तर सगळे आढ्याकडे बघतात. एकाच्या डोक्यात शिरलं, तर तुम्ही त्याला बागेत धाडता! कुठे गप्प बसावं हे शिकवायचं राहिलं, ती चूक माझी. पण अक्का, चष्मा लपवायची अक्कल कोणाची? लग्नानंतर पोरीने काय चाचपडत संसार करायचा होता?

दाजींना सांग, गणितात तो पहिला आहे. जागा पंधरा जूनपर्यंत धरतो. पुढे माझं कोणी ऐकणार नाही.

रागावलीस तरी आशीर्वाद दे.
तुझा निंबा

सावदा, ता. ९ जून

ती. मामांना,
प्रमिलाचा सा. न.

हे पत्र मी आईला न सांगता लिहितेय. मामा, सुकाला बोलायला मीच सांगितलं होतं. मला धीर झाला नाही. वर माझं नाव घेणार नाहीस अशी शपथही घातली. त्याच्या पाठीवर वळ उठले, पण त्याने नाव घेतलं नाही. बागेत भाकर घेऊन गेले, तेव्हा मी नानांना सांगते म्हटलं. तर म्हणाला, ताई, आता सांगू नको, माझा मार फुकट जाईल. मोठी असून मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

काल नानांना सगळं सांगितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. यावलहून नकार आलाय, आई रडते. मलाही वाईट वाटलं. मुलगा नीट दिसला नाही, पण त्याचा आवाज चांगला होता.

परवा नाना स्वतः सुकाला धुळ्याला आणून सोडणार आहेत. तुमच्या पत्रामुळे ते वितळले, असं त्याला वाटतंय. तसंच वाटू द्या. त्याने विचारलं, तर माझ्यासाठी एवढं एक खोटं बोला, मामा.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नका.
आपली प्रमिला