सांगलीतलं गरम जेवण

वीरधवल,

आधी जेवून घे, मग वाच.

"माझ्या बायकोला नोकरी सोडायला लाव आणि दहिवडीला घेऊन ये," असं तू फोनवर म्हणालास, म्हणून मी सांगलीला गेले. माझे गुडघे गेलेत, जनावरांचं एकटीला वडत न्हाई. सून घरी आली तर सुख मलाच हाय, हे खोटं कशाला बोलू?

स्वप्नालीनं मला विश्रामबागेत एका चिनी कुटुंबाच्या हॉटेलात नेलं. बाप रांधतो, लेक वाढते, म्हातारी गल्ल्यावर बसते. वाफाळत्या टोपलीत डिमसम आले. पातळ पारीत कोंबडीचा खिमा भरलेला. सवयीनं मी टोपली सुनेकडं सारली. "तू खा, माझं मागनं."

म्हातारी गल्ल्यावरनं ओरडली, "आवं बाई, गार कशाला करताय? मागनं दुसरी टोपली येतीया की!"

"हिला मराठी येतं व्हय?"

"जन्म सांगलीतलाच हाय त्यांचा, आई," स्वप्नाली हसली, आणि पहिला डिमसम तिनं माझ्या ताटलीत वाढला. माझी जीभ पोळली. लगीन झाल्यापासनं जेवताना माझी जीभ कवा पोळली न्हवती, रं.

ती तिच्या ऑफिसातलं सांगत हुती, हसत हुती. घरी चल म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "अजून एक टोपली मागव."

तुला फोनवर सांगितलं, ती भेटलीच न्हाई. हे पत्र बी टाकायची न्हाई मी. काल सांजच्याला चुलीम्होरं बसून तव्यावरची भाकरी तशीच गरम खाल्ली. गोठ्यात जनावरं वरडत हुती. म्हटलं, वरडू दे जरा.

तुझी दमलेली,
आई