अखजीचा ताबा

अकोला, १८ एप्रिल १९६६

ती. दादास जमुनाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे मी धड नाही. इमारत बांधणाऱ्या खुशालरावांकडून घ्यायचा ठरवलेला नवा ब्लॉक काल पाहून आले. नकाशात स्वयंपाकघराला खिडकी होती, तिथं आता शेजारच्या इमारतीची भिंत आहे! भरदुपारी कंदील लावून पोळ्या लाटायच्या का? भाड्याची खोली सोडून स्वतःच्या घरात जायचं म्हणून दहा वर्षं मास्तरकी केली. करार सोबत पाठवते. सौदा मोडता येतो का? वकील भाऊ असून उपयोग काय, ते तरी कळू द्या. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची, जमुना

अमरावती, २० एप्रिल

चि. जमुनास अ. उ. आशीर्वाद.

येतो मोडता. नकाशाबरहुकूम बांधकाम नसेल, तर ताबा घेण्याआधी, तीस तारखेच्या आत लेखी कळवायचं, इसाराची रक्कम परत. तोवर किल्लीला हात लावू नकोस. माय अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुझ्याकडे येते आहे. तिला काही बोलू नकोस. लेकीनं घर घेतलं म्हणून गावात, साऱ्या हिवरखेडभर सांगून बसली आहे, मनाला लावून घेईल. काळजी नसावी.

भगवंतराव

अकोला, २४ एप्रिल

ती. दादास सा. न.

घात झाला! मी काल शाळेत पेपर तपासत होते. मायनं अखजीचा मुहूर्त साधायचा म्हणून खुशालरावांकडून किल्ली आणली, ब्लॉकमध्ये चूल मांडली आणि दूध उतू घालवलं. आता ते म्हणतात, ताबा झाला. माय इतकी हरखली होती की खिडकीचं मी तिला सांगितलंच नाही. आज ती गाडीनं तुमच्याकडे निघाली आहे. सौदा मोडायचा अर्ज लिहिते अन् फाडते. तिचं मन कसं मोडू?

जमुना

अमरावती, २६ एप्रिल

चि. जमुनास आशीर्वाद.

माय सांगते, किल्लीच्या पावतीवर तिचा अंगठा आहे, करार तुझ्या नावाचा. ताबा तुझ्या सहीशिवाय होत नाही. मायला सगळं सांगितलं. माझ्यावर फार चिडली. पुढचं ती सांगते तसं लिहितो.

जमुने, मले काहून नाही सांगतलं? मी काय काचेची हाओ? तू अंधारात सैपाक करशीन अन् मी गावात मिरवीन, असी माय समजली का मले? माहं लगन ठरलं तवा मले कोनी इचारलं नोतं, नाही म्हनाची मुदतबी नोती. तुले हाये ना? मंग बसली काहून? उद्याच्या उद्या नाही म्हन.

तुही माय, गोदाबाई