तीस डोक्यांचं एक हेल्मेट

२६ सप्टेंबर २०२५

हे आज डोक्यावर हेल्मेट घालूनच घरी! पिवळंधमक. वैशाखरे गावाजवळच्या बंगल्यांच्या साइटवर कंपनीचा फोटोवाला आला होता. तिसांनाही हेल्मेटं वाटली, फोटो काढले आणि तासाभरात टेंपोत भरून परत नेली! आमचे गवंडीबुवा तेव्हा वर परांचीवर, म्हणून ह्यांचं राहिलं. म्हणतात, "उद्या देतो गो परत. दुसऱ्याची वस्तू." काय म्हणावं या माणसाला! मी म्हटलं, मुळीच नाही.

२९ सप्टेंबर

परत दिलं नाही, पण स्वतःपाशीही ठेवलं नाही. साइटवर पाळी लावलीय — जो सगळ्यात वर चढेल, त्या दिवशी हेल्मेट त्याचं. आतून तीस जणांच्या तेलाचा वास. रोज चिडते आणि रोज साबणाने धुते.

२ ऑक्टोबर, दसरा

थापी, ओळंबा पाटावर मांडले, मधोमध हेल्मेट! हळदकुंकू, झेंडू. ह्यांचा जोडीदार नथू सोनं द्यायला आला. "वहिनी, ह्यो देव लय कामाचा हाय!" फोटो स्टेटसला ठेवला.

६ ऑक्टोबर

सुपरवायझर हरेशचा फोन. माझा फोटो कंपनीला आवडला! पुस्तिकेत छापणार — 'आमचा प्रत्येक कामगार सुरक्षिततेची पूजा करतो.' प्रत्येक! हसूच आलं. पण खोटं कशाला लिहू, आमचं घर छापून येणार म्हणून छातीही फुगली.

उद्या फोटोवाला घरी येतोय, पूजा पुन्हा मांडायची. हे म्हणाले, "उद्या वरचं काम हाय. नथूची पाळी." मी म्हटलं, एका दिवसाने काय होतं? आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलतात का? हेल्मेट पिशवीतून काढून माझ्या हाती दिलं. माझ्यापुढे ह्यांचं कधी चाललंय!

७ ऑक्टोबर

नथू पडला.

१० ऑक्टोबर

नथू डोळे उघडतो, पण कुणाला ओळखत नाही. त्याची बायको रखमी माझ्याच गळ्यात पडून रडली. तिला काही माहीत नाही.

ह्यांनी चहा करून हातात दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कंपनी म्हणते, हेल्मेट सगळ्यांना दिलं होतं, नथूने घातलं नाही. पुरावा काय? माझा फोटो!

११ ऑक्टोबर

रखमीला सगळं सांगितलं. माझा हात सोडला. मग म्हणाली, "पोलिसांनाबी असंच सांग." मुरबाडच्या पोलीस ठाण्याला जायला जीपसाठी उभे आहोत. हेल्मेट ह्यांच्या हातात, कुंकू अजून तसंच.