आखाजीची घागर आणि मातीचा निवडुंग

अप्पा, आधीच सांगतो, मी मडकी करणार नाय. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की पोरगा चाकावर बसणार, आणि मी गप्प राहिलो. आता गप्प बसत नाय. मी मातीची झाडं करतो. लोक टीव्हीशेजारी ठेवतात ना, जाड पानांची सक्युलंट, तसली. एकेक पान चिमटीत दाबायचं, पातळ चिखलाने चिकटवायचं, सावलीत वाळवून भाजायचं, मग हिरवा रंग आणि टोकाला जरासा गुलाबी. चाक लागतच नाय.

आठवतं, मी मातीचा टोमॅटो रंगवून आईच्या भाजीच्या टोपलीत टाकला होता? विळीची धार गेली. आई हसत बसली आणि तुम्ही चिखलाच्याच हाताने माझा कान धरलात. "माती पाणी धरायला असती रे! तिला खोटं बोलायला शिकवतो काय?" हो, शिकवलं. आता ती इतकं झकास खोटं बोलते की परवा कॉलेज रोडच्या एक ताई तक्रार घेऊन आल्या. "दादा, रोज पाणी घालते, एक नवीन पान फुटलं नाही." मी गंभीर तोंड करून म्हटलं, "ताई, तुम्ही त्याच्याशी बोलत नसाल." त्या खरंच विचारात पडल्या. मग मलाच हसू आवरेना. खरं सांगितलं तर चिडल्या नायत. म्हणाल्या, "माझ्या हातून जगलेलं हे एकच झाड," आणि सासूबाईंसाठी अजून एक घेऊन गेल्या. तुमच्या कुठल्या माठाने कुणाला एवढं हसवलं, सांगा.

पण काका ऐकेल तर ना. आज आखाजी, अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावाने भरायची घागर सगळ्या गल्लीला आपल्या घरून जायची, आणि यंदा आपल्याच घरात तुमच्या नावाची घागर घडवायला कुणी नाय. काकाच्या हाताला कंप सुटलाय, त्याला चाक जमत नाय. म्हणून महिनाभर माझ्यामागे. "कुंभाराच्या घरात विकतची घागर? तुझ्या बापाला काय तोंड दाखवू मी?" मी म्हटलं, "मी आणतो बाजारातून, तोंडपण मीच दाखवतो." तेव्हापासून तो माझ्याशी बोलेना.

आज सकाळी मी घागर आणून पाटावर ठेवली. काकाने बोटाच्या पेराने टणटण वाजवली, आतून हात फिरवला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "बघ. याला म्हणतात कुंभार! शीक काहीतरी." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. घागर भरली, वर आंबा ठेवला, आणि आंब्याशेजारी मी माझा निवडुंग ठेवला. काका ओरडला, "पितरांना काटे वाढतो?" मी म्हटलं, "काका, अप्पांनी मला झेललं, काट्यांचं काय एवढं!" आई पदर तोंडाला लावून हसली. निवडुंग अजून तिथेच हाय. मी उचलणार नाय.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवू? आणि घरात ठेवलं तर काकाच्या हाती लागेल, म्हणून भट्टीतच टाकतो. कारण ती घागर बाजारातली नाय. चैत्रात काका वणीला गडावर गेला, तेव्हा तुमचं चाक पुसून काढलं. किती घागरी चाकावरच बसल्या, विचारू नका. एक उभी राहिली, ती माझ्या झाडांच्या आड लपवून भाजली. मडकी करणार नाय म्हणजे नायच. पण तो 'कुंभार' म्हणाला ना, अप्पा, लय बरं वाटलं.