ताईची लाल रेघ

१२ मार्च
ताई पुन्हा गायला लागली. भाचीनेच फोनवर पक्की बातमी दिली. तिने ताईच्या मोबाइलवर गाणं शिकवणारं अ‍ॅप टाकलंय — आपण गायचं, पडद्यावर रेघ उमटते. सूर लागला की हिरवी, चुकला की लाल. "मामा, आईची सगळी लालच! आता म्हणते, काढून टाक. शाळेतल्या बाई म्हणाल्या तेच खरं."
गाण्याच्या बाई. "तू नुसते ओठ हलव" — भर वर्गात! त्यानंतर ताई न्हाणीघरातसुद्धा गायली नाही.

१३ मार्च
आज सारखे बाबा आठवताहेत. जुन्या बाजारातून आणलेला टेपरेकॉर्डर, गाण्याच्या धड्यांची कॅसेट. शाळेतून आलो की फरशीवर बसायचं. चष्म्याच्या डबीवर बाबांचा ठेका. मी खिडकीतून पसार! ताई मात्र कॅसेट झिजेपर्यंत गायची.

१५ मार्च
ताईकडे गेलो. "गा की." "तू हसशील." "हसायलाच तर आलोय!" पाठीत धपाटा घातला आणि गायली.
रेघ लाल. पण सरळ! हव्या त्या जागेच्या थोडी खाली, आणि शेवटपर्यंत तेवढीच खाली.
जन्म गेला वर्तमानपत्राची मुद्रितं तपासण्यात. एकच चूक सगळीकडे एकसारखी आली, तर ती लिहिणाऱ्याची नसते, यंत्राची असते. घरी येऊन माळ्यावर चढलो. बाबांचा टेपरेकॉर्डर खाली काढला, कॅसेट आतच होती.

१८ मार्च
दुरुस्तीवाला म्हणाला, "पट्टा नवा घातलाय. पण साहेब, मोटर दुसऱ्याच यंत्राची आहे. पहिल्यापासून हळूच चालत असणार."
हळू चालला की सूरही खाली!
ताईकडे कॅसेट लावली, मोबाइल समोर धरला. लाल रेघ. ताईची होती त्याच जागी.
ताईने कॅसेट बंद केली. मग म्हणाली, "बाबांना कळलं नाही ते बरं झालं. केवढा जीव होता त्यांचा या डबड्यावर!"

१९ मार्च
भाचीने अ‍ॅपमधली पट्टी खाली सरकवली, कॅसेटच्या जागी आणली. ताई डोळे मिटून गायली. हिरवी — सुरुवातीपासून शेवटपर्यंत! ताईने डोळे उघडले. "आता हेही बिघडलं का गं?"
भाची म्हणते, उद्यापासून रोज केसभर वर सरकवायची.

२ एप्रिल
पट्टी मूळ जागी पोचली. रेघ हिरवीच. ताईने शेजारच्या गाणाऱ्या मंडळींत नाव घातलंय — रविवारी पहिली तालीम. "तूही यायचंस. आणि नुसते ओठ हलवायचे नाहीत!"